सिगारेट निर्मितीयंत्रांच्या भागांसाठी झीजरोधक पदार्थ

सिगारेट तयार करणाऱ्या यंत्रात तंबाखू, कागद आणि वाहक पट्टे यांच्या अखंड घासण्याने जे भाग झिजतात, ते भाग घडविण्यासाठी किंवा त्यांच्या पृष्ठभागावर लेप देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांना या क्षेत्रात झीजरोधक पदार्थ म्हणतात. पाणी दिलेली हत्यारी पोलादे, टंगस्टन कार्बाइड, ॲल्युमिना व झिर्कोनिया यांसारखी सिरॅमिक द्रव्ये, नायट्राइड व कार्बन यांची पातळ लेपने आणि काही बहुवारिके यांचा त्यांत समावेश होतो. तंबाखूसारख्या मऊ पानाने पोलाद झिजावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचे कारण पानात नसून पानाबरोबर येणाऱ्या बारीक वाळूत आणि यंत्राच्या प्रचंड वेगात आहे. पदार्थाची निवड मात्र केवळ ‘सर्वांत कठीण पदार्थ कोणता’ या प्रश्नाच्या उत्तरावर होत नाही. झीज टाळता येत नाही, हे गृहीत धरून ती कोणत्या भागाने सोसावी, हे आधी ठरवावे लागते.

यंत्रातील तंबाखूचा मार्ग

कातरलेली तंबाखू यंत्राच्या पेटीत पडते. काटेरी रुळांनी विंचरून तिचे तंतू सुटे केले जातात आणि हवेच्या झोताने ते वर उडवून छिद्रे असलेल्या एका पट्ट्याच्या खालच्या बाजूस शोषणाने चिकटवले जातात. पट्ट्याखाली तंबाखूचा जो सलग थर तयार होतो, त्याची जादा जाडी फिरत्या चकत्या छाटून टाकतात. हा थर पुढे कागदाच्या अरुंद फितीवर उतरतो. कागदाखाली कापडी पट्टा असतो आणि तो कागदाला व तंबाखूला एका नालीसारख्या खोबणीतून ओढून नेतो. या विभागास गार्निचर म्हणतात. खोबणीच्या वर एक लांबट, आतून अर्धगोल घडवलेली स्थिर पट्टी असते. तिचा आकार जिभेसारखा असल्यामुळे इंग्रजीत तिला ‘टंग’ म्हणतात व आपल्याकडील कारखान्यांतही तेच नाव चालते. तंबाखूचा चपटा थर दाबून गोल करण्याचे काम ही पट्टी करते. त्यानंतर कागदाची कड डिंकाने चिकटते, तापलेली पट्टी ती वाळवते आणि तयार झालेली सलग दांडी फिरत्या पात्याने हव्या त्या लांबीवर तोडली जाते. फिल्टर जोडण्याचे काम पुढच्या यंत्रात होते. त्यासाठी खोबणीदार ढोल, टिपिंग कागद कापणारी पाती आणि सिगारेट गोल लाटणारे ठोकळे असतात.

या संपूर्ण मार्गात टंगची स्थिती सर्वांत कठीण असते. तिच्याखालून तंबाखू धावते, पण ती स्वतः हलत नाही. शिवाय दाबून आकार देणे हेच तिचे काम असल्यामुळे दाब कमी करून तिचा बचाव करण्याची सोय नसते. मिनिटाला ८,००० सिगारेटी काढणारे यंत्र घेतले आणि फिल्टर वगळता प्रत्येक सिगारेटमधील तंबाखूची लांबी ६० मिलिमीटर धरली, तर टंगखालून मिनिटाला ४८० मीटर, म्हणजे सेकंदाला ८ मीटर दांडी जाते. आठ तासांच्या एका पाळीत हे अंतर २३० किलोमीटर भरते. पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या रस्त्याएवढी तंबाखू हातभराहून लहान अशा धातूच्या तुकड्याखालून एका दिवसात घासत जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

झिजेची कारणे

तंबाखूच्या पानात खनिज द्रव्यांचे प्रमाण बऱ्याच इतर पिकांच्या पानांपेक्षा जास्त असते. जाळल्यावर राहणारी राख वाळलेल्या पानाच्या वजनाच्या दहा ते वीस टक्क्यांपर्यंत भरू शकते. या राखेत कॅल्शियम व पोटॅशियम यांची संयुगे मुख्य असतात आणि ती पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतात. तंबाखूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्सलेटचे अतिसूक्ष्म स्फटिक भुकटीच्या रूपात आढळतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना ‘स्फटिकवाळू’ असे नाव असले, तरी यंत्राला त्यांच्यापासून फारसा त्रास नाही. खरा त्रास शेतातून आलेल्या वाळूचा असतो. झाडाची खालची पाने जमिनीलगत असतात, पावसाचे शिंतोडे त्यांच्यावर उडतात आणि पानांचा पृष्ठभाग चिकट लव असलेला असल्यामुळे मातीचे कण त्यांना घट्ट धरून राहतात. पाने झोडपून शिरा वेगळ्या करताना आणि नंतर चाळण्यांवर बरीच वाळू निघून जाते, पण सगळी निघत नाही.

या वाळूतील मुख्य खनिज क्वॉर्ट्‌झ असून त्याची व्हिकर्स कठिनता साधारणतः १,००० ते १,२०० असते. पाणी दिलेल्या हत्यारी पोलादाची कठिनता ७०० ते ८५० असते. घर्षणशास्त्रातील एक स्थूल नियम असा की, कण हा पृष्ठभागाच्या तुलनेत किमान १.२ पट कठीण असेल तरच तो त्यावर ठळक ओरखडा काढू शकतो. क्वॉर्ट्‌झची कठिनता १,१०० धरली, तर ९०० पेक्षा मऊ असलेला कोणताही पृष्ठभाग त्याच्या तावडीत सापडतो. पोलाद या रेषेच्या खाली आणि टंगस्टन कार्बाइड बरेच वर येते. म्हणून पोलादाऐवजी कार्बाइड वापरताच भागाचे आयुष्य थोडे न वाढता अनेक पटींनी वाढते. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, रेषा एकदा ओलांडल्यावर कठिनता आणखी दुप्पट केल्याने तेवढा लाभ होत नाही. विक्रेत्यांच्या पत्रकांत कठिनतेचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, तेव्हा ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

जे. एफ. आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झिजून गेलेले घनफळ हे दाब व घसरणीचे अंतर यांच्या समप्रमाणात आणि पृष्ठभागाच्या कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. सूत्रात वेग नाही. म्हणजे केवळ वेग वाढवल्याने दर सिगारेटमागील झीज वाढू नये. वाढते ती दर दिवसाची झीज. प्रत्यक्षात वेगाबरोबर पृष्ठभागाचे तापमानही चढते, तंबाखूतील शर्करा व डिंकासारखी द्रव्ये भागांवर चिकटून भाजतात आणि चिकट थरात अडकलेले वाळूचे कण सहाणेसारखे काम करू लागतात. तंबाखूचा ओलावा सौम्य आम्लधर्मी असल्यामुळे काही मिश्रधातू व बंधक धातू रासायनिक रीत्याही खाल्ले जातात. कागदाचाही वाटा आहे. सिगारेटच्या कागदात भरण म्हणून कॅल्शियम कार्बोनेट मोठ्या प्रमाणात घातलेले असते. ते मऊ असते, परंतु पात्याची सूक्ष्म धार बोथट करण्यास पुरेसे ठरते.

तेल घालून हा प्रश्न सुटत नाही. तंबाखूला लागणाऱ्या भागांवर वंगण वापरले, तर त्याचा वास व डाग मालाला लागतात. त्यामुळे हे घर्षण कोरडेच राहते.

झिजेचे परिणाम

सिगारेटचा व्यास सुमारे ८ मिलिमीटर असतो आणि तो मिलिमीटरच्या शतांशांत राखावा लागतो. टंग किंवा तिच्याखालची खोबणी झिजली की दांडी जाड अथवा लंबगोल होते, कागदाची शिवण उसवते आणि पुढच्या यंत्रात फिल्टर नीट बसत नाही. आधुनिक यंत्रांत तंबाखूची घनता सतत मोजली जाते. पूर्वी यासाठी स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सर्गी द्रव्याचे बीटा किरण वापरत. नव्या यंत्रांत सूक्ष्मतरंग वापरतात. या मोजमापावरून छाटणाऱ्या चकत्यांची उंची आपोआप बदलते व वजन सावरले जाते. वजन सावरता आले, तरी आकार सावरता येत नाही, कारण तो झिजलेल्या भागानेच ठरतो. सैल झालेली दांडी पुन्हा घट्ट व्हावी म्हणून चालक मग तंबाखू थोडी वाढवतो. दर सिगारेटमागे १० मिलिग्रॅम जादा गेले, तर मिनिटाला ८,००० च्या वेगाने तासाला ४.८ किलोग्रॅम तंबाखू वाया जाते. महागड्या कार्बाइडचा खर्च कारखाना याच हिशेबावर मान्य करतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या जेम्स बॉन्सॅक यांना १८८१ मध्ये सिगारेट यंत्राचे एकस्व मिळाले. कुशल कामगार हाताने मिनिटाला चार-पाच सिगारेटी वळत असताना हे यंत्र मिनिटाला सुमारे २०० सिगारेटी काढी. ब्रिस्टल येथील विल्स कंपनीने १८८३ मध्ये त्याचे ब्रिटनमधील हक्क घेतले व १८८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे जेम्स ड्यूक यांनी ते व्यापारी प्रमाणावर चालवले. सिगारेट स्वस्त होऊन सर्वत्र पसरली, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा आहे. बॉन्सॅकच्या यंत्रात दांडीचा वेग मिनिटाला पंधरा मीटरांच्या आतच होता. एवढ्या वेगाला ओतीव लोखंड, पितळ आणि वरचा थर कठीण केलेले पोलाद ही त्या काळची नेहमीची द्रव्ये पुरेशी होती.

विसाव्या शतकात लंडनची मोलिन्स, हँबुर्गची हाउनी आणि बोलोन्याची जी.डी. या कंपन्यांनी वेग वाढवत नेला. मोलिन्सच्या ‘मार्क ८’ यंत्राचा वेग मिनिटाला सुमारे २,००० होता. आज दोन दांड्या एकाच वेळी काढणारी यंत्रे मिनिटाला २०,००० च्या आसपास पोहोचली आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांत वेग शंभरपट झाला, पण वाळूचा कण होता तसाच राहिला. झीजरोधक पदार्थ हा यंत्ररचनेत स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला तो या तफावतीमुळे.

पोलादे

सर्वाधिक भाग आजही पोलादाचेच असतात. सुमारे १.५ टक्के कार्बन व १२ टक्के क्रोमियम असलेले डी-२ पोलाद यांत प्रमुख होय. भारतातील वर्कशॉपमध्ये ते ‘एचसीएचसीआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याची सरासरी कठिनता क्वॉर्ट्‌झपेक्षा कमी असली, तरी त्यात विखुरलेले क्रोमियम कार्बाइडचे कण क्वॉर्ट्‌झपेक्षा कठीण असतात आणि ते वाळूला काही प्रमाणात अडवतात. द्रुतगती पोलादाचा उपयोग पात्यांसाठी होतो. नायट्रायडिंग या प्रक्रियेत पोलाद ५०० ते ५५० अंश सेल्सिअस तापमानाला नायट्रोजनयुक्त वातावरणात ठेवून त्याचा वरचा थर कठीण करतात. तापमान तुलनेने कमी असल्यामुळे भाग वाकडा होत नाही व पुन्हा घासून मापात आणावा लागत नाही. लांब, बारीक मार्गदर्शक पट्ट्यांसाठी ही प्रक्रिया सोयीची ठरते.

टंगस्टन कार्बाइड

या यंत्रांतील झीजरोधक पदार्थांत टंगस्टन कार्बाइडचे स्थान पहिले आहे. त्याचा शोध विजेच्या दिव्यांच्या उद्योगात लागला. दिव्याची टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याच्या छिद्रपट्ट्या लागत व त्या फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना बर्लिनच्या ओसराम कंपनीतील कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर दाबून व तापवून घट्ट करण्याची पद्धत काढली. क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. आपल्याकडील लेथवर काम करणारे कारागीर कार्बाइडच्या हत्याराला, ते कोणत्याही कंपनीचे असले तरी, अजूनही ‘विडिया’च म्हणतात.

टंगस्टन कार्बाइडचे कण अत्यंत कठीण पण ठिसूळ असतात. त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट मऊ पण चिवट असतो. नेहमीच्या प्रकारांत कोबाल्टचे प्रमाण ६ ते १५ टक्के आणि कठिनता सुमारे १,३०० ते १,८०० असते. कोबाल्ट कमी केला किंवा कण बारीक केले की कठिनता वाढते; कोबाल्ट वाढवला की धक्का सोसण्याची क्षमता वाढते. टंगवर धक्के कमी बसतात, म्हणून तेथे कमी कोबाल्टचा व बारीक कणांचा प्रकार चालतो. टिपिंग कागद कापणाऱ्या ढोलावर पाते दर फेरीस आपटते, तेथे तोच प्रकार वापरल्यास कडेचे टवके उडतात.

कार्बाइडची झीज पाहण्यासारखी असते. वाळूचा कण कार्बाइडला ओरखडू शकत नाही, पण दोन कणांमधील कोबाल्ट मात्र हळूहळू खरवडून काढतो. तंबाखूतील सौम्य आम्ले या कामास हातभार लावतात. आधार गेला की कार्बाइडचा कण अखंडच निसटून पडतो. विटा शाबूत राहाव्यात आणि दर्जा निघून भिंत ढासळावी, तसा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणून काही भागांसाठी कोबाल्टऐवजी निकेलचा बंधक वापरतात. तो थोडा कमी कठीण असला, तरी आम्लाला अधिक दाद देत नाही.

संपूर्ण भाग कार्बाइडचा करणे खर्चिक व धोक्याचे असल्यामुळे पोलादाच्या अंगावर कार्बाइडचा तुकडा चांदीच्या डाखाने बसवतात. तापल्यावर पोलाद कार्बाइडच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. डाख थंड होताना पोलाद जास्त आकसते व कार्बाइडमध्ये ताण राहून जातो. लांब पट्टी डाखाने जोडल्यावर ती धनुष्यासारखी वाकणे किंवा काही दिवसांनी तिला आडवी चीर जाणे, हे दोष यातूनच उद्भवतात. म्हणून लांब भागावर एकच तुकडा बसवण्याऐवजी आखूड तुकडे ओळीने बसवतात किंवा डाखाऐवजी चिकटद्रव्याचा उपयोग करतात.

सिरॅमिक द्रव्ये

ॲल्युमिना, झिर्कोनिया, सिलिकॉन नायट्राइड व सिलिकॉन कार्बाइड ही द्रव्ये टंग, तंबाखूच्या वाहिनीच्या बाजूच्या भिंती आणि शोषक पट्ट्याच्या मार्गदर्शक पट्ट्या यांसाठी वापरली जातात. त्यांना गंज चढत नाही, त्यांवर डिंकाचा थर कमी धरतो आणि ती पोलादापेक्षा हलकी असतात. ॲल्युमिना स्वस्त व कठीण, पण फार ठिसूळ आहे. झिर्कोनियाचा गुण वेगळा. आर. सी. गार्वी, आर. एच. हॅनिंक व आर. टी. पॅस्को यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, योग्य रीतीने तयार केलेल्या झिर्कोनियात चीर जाऊ लागताच तिच्या टोकाजवळील स्फटिकांची रचना बदलते, त्यांचे आकारमान वाढते आणि ते चिरेला दाबून बंद करू पाहतात. त्यामुळे झिर्कोनिया सिरॅमिकांत अपवादात्मक चिवट ठरतो. मात्र तो उष्णतेचा मंदवाहक आहे. घर्षणाची उष्णता कार्बाइड चटकन वाहून नेतो, झिर्कोनियात ती पृष्ठभागापाशीच साचते व त्याचा ताप पट्ट्याला आणि तंबाखूला सोसावा लागतो.

सिरॅमिकाबाबत एक अडचण पुरेशी चर्चिली जात नाही. तंबाखूत धातूचा तुकडा आल्यास तो धातुशोधक यंत्रणेला सापडतो. सिरॅमिकचा टवका सापडत नाही. म्हणून भाग बसवताना कडा गोलसर ठेवणे व ठरावीक अंतराने त्या भिंगाखाली तपासणे आवश्यक मानले जाते.

लेपने

पूर्ण भाग कठीण न करता त्याच्या पृष्ठभागावर कठीण थर चढवणे हा दुसरा मार्ग होय. विद्युत् विलेपनाने दिलेला कठीण क्रोमियमचा थर हा त्यातील सर्वांत जुना. त्याची कठिनता ८०० ते १,००० असते. म्हणजे वर सांगितलेल्या रेषेच्या तो अगदी काठावर येतो. ज्वालाफवारणीच्या आधुनिक पद्धतींत टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांची भुकटी अतिवेगवान तप्त वायूच्या झोतातून पृष्ठभागावर आदळवतात व मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत जाड थर मिळवतात. झिजलेला भाग पुन्हा मापात आणण्यासाठीही ही पद्धत उपयोगी पडते.

निर्वात कक्षात बाष्परूपाने दिलेली टायटॅनियम नायट्राइडची सोनेरी लेपने आणि हिरासदृश कार्बनची काळी लेपने ही याहून फारच पातळ, साधारणतः एक ते पाच मायक्रॉन जाडीची असतात. टायटॅनियम नायट्राइडची कठिनता २,००० च्या वर असते. हिरासदृश कार्बनचा विशेष गुण म्हणजे तेलाशिवायही त्यावरील घर्षण कमी असते आणि त्याला चिकट द्रव्ये सहज धरत नाहीत. या लेपनांखालचे पोलाद मऊ असेल, तर मात्र ती गादीवर ठेवलेल्या पापडासारखी होतात. कणाचा दाब पडताच खालचा आधार दबतो आणि वरचा थर तडकतो. त्यामुळे लेपनाआधी पोलादाला पाणी देणे किंवा नायट्रायडिंग करणे टाळता येत नाही. एवढे करूनही टंगसारख्या भागावर पाच मायक्रॉनचा थर संपला की आतले पोलाद उघडे पडते आणि त्यानंतरची झीज झपाट्याने होते.

खोबणीदार ढोल सहसा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, कारण वेगाने फिरणारा भाग हलका असावा लागतो. त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत् प्रक्रियेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा जाड थर वाढवतात. तेथे वाळूऐवजी गुंडाळलेल्या सिगारेटचा कागद लागत असल्याने एवढे संरक्षण पुरते.

झिजू दिलेले भाग

काही भाग मुद्दामच झिजणारे केलेले असतात. दांडी तोडणारे पाते दर मिनिटाला हजारो वेळा चालते आणि बोथट झाले तर सिगारेटचे टोक पिंजल्यासारखे होते. म्हणून यंत्रातच लहान सहाणचाके बसवलेली असतात. ती चालू यंत्रात पात्याला धार लावत राहतात आणि झिजेइतके पाते आपोआप पुढे सरकते. तंबाखू कातरणाऱ्या यंत्राच्या ढोलावरील पात्यांचीही तीच रीत आहे. येथे पाते फार कठीण करण्यात अर्थ नसतो. ते झरझर घासले जाऊन पुन्हा तीक्ष्ण होणे महत्त्वाचे असते. कार्बाइडचे पाते घेतल्यास त्याला धार लावण्यासाठी हिऱ्याचे चाक लागते. पोलादासाठी हिरा योग्य नाही, कारण तप्त लोखंडात हिऱ्यातील कार्बन विरघळतो. तेथे ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा घनाकृती बोरॉन नायट्राइडची चाके वापरतात. पाते बदलण्याचा निर्णय त्यामुळे केवळ पात्यापुरता राहत नाही.

गार्निचरचा पट्टा पूर्वी तागाच्या धाग्यांचा असे, आता तो ॲरामिड तंतूंचा करतात. पट्टा हा बदलण्याचा भाग आहे, खोबणी नव्हे. खोबणीचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर पट्टा लवकर फाटतो. म्हणून कार्बाइड किंवा सिरॅमिकची खोबणी कठीण असून भागत नाही, ती आरशासारखी घासलेली असावी लागते. उलट नव्या ॲरामिड पट्ट्याने जुन्या पोलादी खोबणीत चर पडल्याचीही उदाहरणे होतात. दोन पृष्ठभागांपैकी एकाचाच विचार केला की अशी फसगत होते. कमी दाबाच्या जागी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन व पीटीएफई ही बहुवारिके वापरतात.

चाचणी

वाळू व रबरी चाक यांची ‘एएसटीएम जी ६५’ ही प्रमाण चाचणी या क्षेत्रात उपयुक्त ठरते. तीत फिरते रबरी चाक व नमुना यांच्या फटीतून कोरडी वाळू सोडतात व नमुन्याचे घटलेले वजन मोजतात. मऊ आधाराने दाबलेली वाळू ही स्थिती तंबाखूच्या थरातील वाळूशी बरीच जुळते. मात्र या चाचणीत ओलावा, आम्ल व डिंक नसतात. चाचणीत उत्तम ठरलेला कमी कोबाल्टचा कार्बाइड यंत्रात निकेल बंधकाच्या कार्बाइडपुढे मागे पडू शकतो. अंतिम निर्णय यंत्रावर दोन्ही भाग आळीपाळीने चालवून, दर कोटी सिगारेटींमागे किती मायक्रॉन झीज झाली, हे पाहूनच करणे श्रेयस्कर.

कामगारांचे आरोग्य

झीजरोधक भाग तयार करणाऱ्या व घासणाऱ्या कामगारांना या पदार्थांचा थेट धोका असतो. कार्बाइड घासताना उडणाऱ्या कोबाल्टयुक्त धुळीने फुप्फुसांचा एक विशिष्ट विकार होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टंगस्टन कार्बाइडसह असलेल्या कोबाल्ट धातूची नोंद ‘मानवात कर्करोग होण्याची दाट शक्यता’ या गटात २००६ मध्ये केली. कठीण क्रोमियम विलेपनाच्या टाक्यांतील सहा संयुजेचा क्रोमियम तर निश्चित कर्करोगजनक आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष परवानगीविना करता येत नाही. फवारलेल्या कार्बाइड लेपनांकडे उद्योग वळला, त्यामागे हे एक कारण आहे. सुटे भाग पुनर्घर्षण करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये ओले घर्षण, धूळशोषक यंत्रणा आणि मुखपट ही साधने चैनीची नसून अत्यावश्यक आहेत.

नियमन व भारतातील स्थिती

टिकाऊ भागांमुळे यंत्राचे आयुष्य कित्येक दशकांनी वाढते. मूळ कारखान्यात निवृत्त झालेले यंत्र नव्या टंग, खोबण्या व पात्यांनिशी दुसरीकडे पुन्हा चालू होऊ शकते. बेकायदा सिगारेट निर्मितीच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे. तंबाखूजन्य पदार्थांच्या अवैध व्यापाराविरुद्धचा जागतिक आरोग्य संघटनेच्या चौकटीतील आंतरराष्ट्रीय मसुदा १२ नोव्हेंबर २०१२ रोजी सोल येथे स्वीकारला गेला व २५ सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यात तयार मालाबरोबरच निर्मितीयंत्रांच्या आयात-निर्यातीलाही परवान्याच्या कक्षेत आणले आहे. भारत २०१८ मध्ये या मसुद्यात सहभागी झाला. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तंबाखू प्रक्रियायंत्रे ८४७८ या शीर्षाखाली येतात व त्यांच्या सुट्या भागांना स्वतंत्र उपशीर्ष आहे. तरीही टंगस्टन कार्बाइडचा एखादा घासलेला तुकडा पाहून तो कोणत्या यंत्राचा आहे, हे तपासनीसाला सहज ओळखता येत नाही.

भारतात सिगारेट निर्मितीस औद्योगिक परवाना अनिवार्य असून २०१० पासून या उद्योगात थेट परकीय गुंतवणुकीस बंदी आहे. बिहारमधील मुंगेर येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सिगारेट कारखाना आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळील रांजणगाव येथे आयटीसी कंपनीचा कारखाना आहे. विडीचा धंदा मात्र या साऱ्यापासून दूर राहिला. निपाणी, सिन्नर, सोलापूर येथील विडी आजही हातानेच वळली जाते. तेथे झिजणारी वस्तू म्हणजे पान कापण्याची कात्री, आणि तिला धार लावण्याचा खर्च बहुधा वळणारीच सोसते.